निमूट होकार

युनिक्स या संगणक-प्रणालीची १९७५ सालची सहावी आवृत्ती चाळताना एक तक्ता दिसला. प्रत्येक यंत्राचे उघडणे, मिटणे, वाचणे, लिहिणे त्यात आपापल्या घरात मांडलेले. छपाईयंत्रातून वाचणार काय? पण घर रिकामे ठेवून चालत नाही. तेथे 'नोडेव्ह' बसतो व स्पष्ट नकार देतो. स्मृतीला उघडण्या-मिटण्याचे कामच नाही. तेथला 'नलडेव्ह' काहीही न करता निमूट परततो, आणि विचारणारा समजतो, काम झाले.

पेठ वडगावच्या घरी वडिलांना ऐकू येईनासे झाले, तेव्हा ते कशालाही 'बरं' म्हणत. शेत विकण्याचे विचारले, तेव्हाही म्हणाले. मृगाचा पहिला पाऊस पडला, तशी ओसरीवरून त्यांची हाक आली, "अरे, पेरणीला माणसं सांगितलीस ना?"

मी 'हो' म्हणालो.