चिमूटभर निपाणी

तपकीर ओढणारा माणूस दारात यायच्या आधी त्याचा वास आत येतो. उपरण्याला, कोटाच्या आतल्या खिशाला, पोथीच्या कडांना, मांडीवर घेतलेल्या नातवंडाच्या झबल्यालासुद्धा तो लागलेला असतो. उग्र आणि कोरडा, पण तळाशी कुठंतरी गोडसर. कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात एका पिढीची ओळखच या वासानं होत असे. माझे आजोबा त्या पिढीतले. त्यांच्या डबीत निपाणीच्या तंबाखूची तपकीर असे, दुसरी त्यांना चालत नसे. कुणी पाहुण्यानं अत्तर घातलेली तपकीर आणून दिली तर ते ती आदरानं घेत, एकदा हुंगत आणि फडताळात ठेवून देत. तंबाखूला तंबाखूचाच वास हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

तपकीर ओढणं हे घाईचं काम नव्हे. आधी कमरेची किंवा खिशातली डबी हातात येई. झाकणावर बोटानं दोन टिचक्या बसत, म्हणजे वर चिकटलेली पूड खाली पडावी. मग अंगठा आणि तर्जनी यांत येईल तेवढीच चिमूट. ती नाकाजवळ जाई, पण लगेच ओढली जात नसे. हात तसाच अधांतरी थांबे आणि चाललेलं बोलणं पुरं होई. वादातला शेवटचा मुद्दा, व्यवहारातला शेवटचा आकडा, आठवत नसलेलं नाव, हे सगळं त्या थांबलेल्या चिमटीत असे. मग एक झटका, दुसऱ्या नाकपुडीला दुसरा, डोळ्यांत आलेलं पाणी, आणि तपकिरीचेच डाग पडलेला मोठा रुमाल. त्यानंतर डबी समोरच्याकडे सरकवली जाई. शास्त्री असो, कीर्तनकार असो, की बाजारातला दलाल, डबी पुढे झाली की बोलणं आपोआप सैल होई.

नवख्या माणसाला तपकिरीनं शिंका येतात. सराईताला येत नाहीत. नाकाची आतली त्वचा नाजूक असते, तिच्या लगत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यामुळे निकोटिन तिथून भराभर रक्तात उतरतं. सुरुवातीला शरीर शिंकून ते बाहेर टाकू पाहतं. पुढे शरीर ही तक्रार सोडून देतं. ही एवढीशी गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

तंबाखू आपल्याकडची नव्हे. अमेरिका खंडातून ती पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली आणि दख्खनेत फार लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारात गेला होता. तिथं त्यानं तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास परतताना बादशहासाठी ती आणि ती ओढायची नळी बरोबर नेली. अकबरानं काही झुरके घेतले, तेव्हा हकीम नाराज झाला, असं असद बेगनं लिहून ठेवलं आहे. जहांगीरानं १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली आणि रोप मातीत वाढत गेलं. मोगल दरबाराला तंबाखूची ओळख विजापूरनं करून दिली, त्याच मुलखाच्या पश्चिम अंगाला, वेदगंगा आणि दूधगंगेच्या काळ्या जमिनीत, पुढे निपाणीचं नाव तंबाखूवर कोरलं गेलं.

निपाणी कोल्हापूर आणि बेळगावच्या दरम्यान, पुणे-बंगळूर रस्त्यावर आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातलं हे गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. बाजारातली बोली मराठी राहिली, कानडीही तिच्या शेजारी नांदत राहिली, आणि दोन्ही भाषांतला भाव तंबाखूचाच निघत राहिला. इथली बहुतेक तंबाखू विडीसाठी. पण त्याच पानाची पूड तपकिरीच्या डबीत जाई, आणि तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली मिश्री होऊन बायकांच्या हिरड्यांवरही जाई.

तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया मावतात. हाताला ते लागतच नाही, म्हणून वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यात फेकतात. पावसाळा निम्मा सरला की रोपं शेतात येतात. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्याच कुळातलं हे झाड, पण त्याला फळापर्यंत पोचू देत नाहीत. कळ्या दिसू लागल्या की शेंडा खुडायचा. मग झाड बगलेतून नवे फुटवे काढतं, तेही खुडायचे. बियाण्यापुरती चार झाडं फुलतात आणि त्यांची गुलाबी फुलं वाऱ्यावर डुलतात. बाकी सगळं रान बिनफुलाचं. निकोटिन तयार होतं मुळांत आणि तिथून पानांत चढतं. किड्यांपासून स्वतःला राखण्यासाठी झाडानं केलेली ही तजवीज. शेंडा खुडला की झाडाचा सगळा जोर पानात उतरतो, पान जाड होतं, चिकट होतं, उग्र होतं. ज्या कडवटपणासाठी माणसं या झाडाच्या मागे लागली, तो त्यानं आपल्या रक्षणासाठी साठवलेला होता.

या झाडालाही खाणारा एक आहे. गावकरी त्याला बंबाखू म्हणतात. त्याला हिरवं पान नाही, स्वतःचं अन्न करायची शक्ती नाही. तंबाखूच्या मुळाला तो जमिनीतच चिकटतो, तिचा रस पितो आणि एके दिवशी तिच्या बुडाशी फिकट जांभळ्या फुलांचा तुरा घेऊन वर येतो. अनोळखी माणसाला त्याचं कौतुक वाटावं असा तो देखणा असतो. शेतकरी मात्र दिसताक्षणी उपटतो, कारण फुलला तर त्याचं धुळीसारखं बी वर्षानुवर्षं त्या रानात जिवंत राहतं.

संक्रांतीच्या आगेमागे कापणी होते. कापलेलं झाड शेतातच उन्हात पडू देतात. वाळलेलं पान दुपारी हात लावला तर चुरा होतं, म्हणून ते गोळा करायचं काम पहाटेचं. रात्रीचं दहिवर पानांवर बसलं की ती मऊ पडतात. कडाक्याच्या थंडीत, कंदिलाच्या उजेडात माणसं ओल्या पानांत वाकलेली असतात. पानांचा चीक बोटांवर काळा थर धरतो. साबणानं तो निघत नाही, आणि त्या हातानं मोडलेली भाकरी कडू लागते. ओल्या पानावरचं निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं. कापणीच्या दिवसांत मळमळतं, डोकं गरगरतं, ते यामुळेच. आजोबांच्या चिमटीत जे यायचं, त्याची सुरुवात इतकी लांबून होत असे.

शेतातून माल वखारीत जाई. निपाणीच्या वखारी म्हणजे उंच भिंतींच्या, कमी खिडक्यांच्या लांबलचक इमारती. आत बायका. पान बडवायचं, देठ आणि शिरा वेगळ्या करायच्या, चाळायचं, पाखडायचं, पुन्हा चाळायचं. हवेत सतत तंबाखूची धूळ. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी उभं आयुष्य या कामात काढलं. त्या सांगत, नवी पोर कामाला आली की पहिले काही दिवस शिंकून शिंकून बेजार होई. मग शिंका थांबत. शिंका थांबल्या की पोर कामाला पक्की झाली, असं जुन्या बायका समजत. संध्याकाळी घरी आल्यावर अंगावरून पाणी घेतल्याशिवाय मावशी आपल्या तान्ह्या लेकराला जवळ घेत नसत. तो वास आणि ती पूड लेकराच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून.

हे ऐकल्यापासून माझ्या मनातली तपकिरीची डबी बदलली. आजोबांच्या नाकात गेलेली चिमूट त्यांनी निवडलेली होती, मोजलेली होती, आणि तिच्या आधी एक निवांत क्षण होता. वखारीतल्या बाईच्या नाकात दिवसभर जाणाऱ्या तपकिरीला माप नव्हतं, निवांत क्षण नव्हता आणि तिची संमतीही नव्हती. पूड एकच. एकीकडे तिच्या भोवती गप्पा, विद्वत्ता आणि पितळी डबीची चकाकी होती. दुसरीकडे खोकला होता. ललित लेखनात तपकीर आली ती बहुधा पहिल्या बाजूनं, शास्त्रीबुवांच्या उपरण्यावरून. दुसऱ्या बाजूचं लिहिलं निपाणीच्याच महादेव मोरे यांच्यासारख्या लेखकानं. त्यांनी पिठाची गिरणी चालवत आयुष्य काढलं आणि या गावातली कष्टकरी माणसं कथा-कादंबऱ्यांत आणली. धुळीत दिवस काढणं म्हणजे काय, हे त्यांना बाहेरून विचारावं लागलं नाही.

त्या बायका गप्प बसल्या नाहीत, हे मला मोठ्या अभिमानानं सांगावंसं वाटतं. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीनं त्यांनी संघटना बांधली, संप केले. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ या गटानं त्यांच्यावर १९८२ साली एक माहितीपट केला, ‘तंबाकू चाकिला ऊब आली’. त्यात या बायका स्वतःच्या तोंडानं स्वतःचं काम सांगतात. कुणी त्यांच्या वतीनं बोलत नाही.

शेतकऱ्याचंही दुखणं जुनं होतं. तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर १९४३ साली बसला, आणि शेतकऱ्याच्या पानावरचा तो कर उठायला १९७९ साल उजाडावं लागलं. घरात रचलेल्या आपल्याच मालाचा हिशेब सरकारला द्यायचा, आणि भाव मात्र व्यापारी सांगेल तो घ्यायचा. १४ मार्च १९८१ रोजी शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. मराठी बोलणारे आणि कानडी बोलणारे एकाच रस्त्यावर बसले. सीमेच्या भांडणात ज्यांना दोन बाजूंना उभं केलं जाई, त्यांना पानाच्या भावानं एकत्र आणलं. रस्त्याच्या कडेला चुली पेटल्या, भजनं झाली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १२ शेतकरी मारले गेले. निपाणीच्या तंबाखूच्या वासात तेव्हापासून हेही मिसळलेलं आहे, पण डबी उघडणाऱ्या किती जणांना ते कळलं असेल?

आता तपकीर ओढणारे फारसे दिसत नाहीत. धरणांचं पाणी आलं, काळ्या रानांत ऊस उभा राहिला, तंबाखूचं क्षेत्र आटलं. नव्या पिढीला तपकीर ठाऊक आहे ती एक रंग म्हणून. तपकीर मागे पडली याचं मला दुःख नाही. धूर नसला तरी तंबाखू ती तंबाखूच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे, आणि त्यात नाकानं ओढायची तपकीरही आली. आजही सकाळी परसात बसून हिरड्यांना मिश्री किंवा तपकीर लावणाऱ्या कितीतरी बायका गावोगाव आहेत. शिंक थांबली की शरीर पक्कं होत नाही. ते फक्त ओरडायचं थांबतं. नाकाचं तेच, हिरडीचं तेच.

तरीही तो वास मला प्रिय आहे, हे मी लपवणार नाही. त्यात माझे आजोबा आहेत, त्यांची अधांतरी थांबलेली चिमूट आहे, वाद घालताना अचानक मऊ होणारा त्यांचा आवाज आहे. पण माया एकट्या आजोबांवर करून थांबता येत नाही. त्यांच्या वासावर माया करायची तर दहिवरात वाकलेल्या माणसांवर, वखारीतल्या मावशींवर आणि महामार्गावर पडलेल्या त्या १२ जणांवरही करावी लागते. एकाच पानाची ही सगळी माणसं. त्यांतली निम्मी आठवायची आणि निम्मी सोडून द्यायची, हा न्याय नव्हे.

जुन्या घरांतून पितळेच्या, चांदीच्या, लाकडाच्या डब्या अजून सापडतात. हौशी लोक त्या घासूनपुसून दिवाणखान्यात मांडतात. खुशाल मांडाव्यात, त्यांवरची कारागिरी खरोखर देखणी असते. पण वखारीत राबलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या आठवणींना डबी नाही. निपाणीच्या पंचक्रोशीत ज्याच्या घरात अशी आजी किंवा मावशी अजून हयात आहे, त्यानं एखाद्या सुट्टीत तिच्याजवळ बसावं. किती वाजता कामाला जायच्या, पाळण्यातलं पोर कुणाकडे ठेवायच्या, संपात चूल कशी पेटवली, हे विचारावं आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं. आणि ती अजून मिश्री लावत असेल, तर तिला दाताच्या डॉक्टरकडेही घेऊन जावं.