मोठ्या टायरात हवा किती?

जालना,
एप्रिल

चि. सोन्यास,


टायरचे फोटो पाहिले. दुकानदार म्हणतो टायर मोठा आहे, पंचेचाळीस मारा. तुझा मित्र म्हणतो सव्वीसच ठेव, खड्डे जाणवणार नाहीत. तू फोनवर माझ्याकडे एकच आकडा मागितलास. आकडा देते, पण त्यामागचा हिशेबही तुला कळायला हवा. मे महिन्यात तू दादा-वहिनींना आणि मुलांना घेऊन समृद्धी महामार्गावरून नागपूरला निघणार आहेस. तिथे चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

गाडीचं वजन पेलते ती हवा. रबर, कापड आणि तारा त्या हवेला कोंडून धरतात, इतकंच. टायर मोठा घेतला की आत जास्त हवा मावते, म्हणून तेवढंच वजन कमी दाबातही पेललं जातं. ‘मोठा टायर म्हणजे जास्त हवा’ हे म्हणणं तिथेच चुकतं. पण मित्राचे सव्वीसही बरोबर नाहीत. का ते पुढे लिहिते.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यातला आकडा कंपनीने मूळ मापाच्या टायरसाठी ठरवलेला असतो. साइडवॉलवर लिहिलेला आकडा निराळाच. त्या टायरचा सर्वांत जास्त भार आणि त्यासाठी लागणारा दाब तिथे असतो. तुझ्या गाडीचं वजन टायर बनवणाऱ्याला ठाऊकच नसतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: जुना टायर तक्त्यावरच्या हवेत जेवढं वजन उचलत होता, तेवढं उचलायला नव्याला किती हवा लागेल? यासाठी भार आणि दाबाचे छापील तक्ते असतात. युरोपात ईटीआरटीओ, अमेरिकेत टायर अँड रिम असोसिएशन आणि आपल्याकडे इंडियन टायर टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी कमिटी अशी मानकं काढते. दुकानदाराकडे नसतील, तर टायर कंपनीकडे मागायचे.

आता तुझी बोलेरो. जुने टायर २१५/७५ आर १५, भार निर्देशांक १००. म्हणजे अडीच बारला, छत्तीस पीएसआयला, एक टायर ८०० किलो उचलतो. समज, तक्त्यावर मागच्या चाकांना ३० आहे (खरा आकडा खांबावर बघून घे). तीसला तो साधारण ६९० किलो उचलत होता. तू घेतलेलं माप २३५/७५ आर १५. याच मापाचा साधा कारचा टायर असता, तर त्याचा निर्देशांक १०५, म्हणजे छत्तीसला ९२५ किलो. त्याला ६९० उचलायला पंचवीसच्या आसपास हवा पुरली असती. तरीही मी तीसच्या खाली जाऊ दिलं नसतं, कारण दाब नुसता वजनासाठी नसतो. वळणावर साइडवॉल किती लवते आणि ब्रेकला गाडी कशी वागते, तेही त्यावरच ठरतं. शिवाय टायर कंपन्याही सांगतात की गाडीच्या तक्त्याहून खाली जाऊ नका.

पण तुझ्या फोटोत मापाच्या आधी ‘एलटी’ अशी दोन अक्षरं आहेत आणि शेवटी १०४/१०१. सोन्या, सगळा हिशेब इथे उलटतो. एलटी म्हणजे लाइट ट्रकचा टायर. माप तेच, पण बांधणी जाड, आणि त्याचे ९०० किलो मोजले जातात ते पन्नास पीएसआयला. पस्तीसला तो ७०० किलोच्या आसपासच उचलतो. म्हणजे जुन्या टायरला तीसमध्ये जे जमत होतं, ते या दणकट दिसणाऱ्या टायरला पस्तीसशिवाय जमत नाही. टायर विकणारे ही गोष्ट क्वचितच सांगतात. जाड टायर कमी हवेतही बसलेला दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

तेव्हा माझे आकडे असे: रोजच्याला मागे ३५, पुढे ३३. नागपूरला भरल्या गाडीने जाताना मागे ३८, पुढे ३५. निघण्याआधी सगळ्यांना बसवून, सामानासकट एखाद्या वजनकाट्यावर मागची चाकं वेगळी तोलून घेता आली तर उत्तम. थोडक्या पैशांत काम होतं आणि अंदाजाची गरजच उरत नाही.

सव्वीसबद्दल लिहायचं राहिलं. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवर फायरस्टोनचे टायर होते, माप हेच, २३५/७५ आर १५, कारच्या बांधणीचे. फोर्डची शिफारस २६ पीएसआय होती. टायरची नक्षी पट्ट्यांसकट सुटून गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले गेले, आणि नोंदलेले मृत्यू अडीचशेच्या वर गेले. दोष टायरच्या घडणीतही होता, ते नाकारून चालणार नाही. पण घटना टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोनासारख्या उष्ण राज्यांत, वेगात आणि भरल्या गाड्यांच्या बाबतीत जास्त घडल्या, आणि सव्वीस हवेत चूक पोटात घालायला जागाच उरली नव्हती. नंतर फायरस्टोनने तीस भरायला सांगितलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांत कमी हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. जी माणसं गेली, त्यांतल्या बहुतेकांनी तो आकडा कधी वाचलाही नसेल.

टायर फुटतो तो आतल्या उष्णतेने. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल दुमडते आणि उलगडते, त्यात रबर तापतं, आणि तारांच्या पट्ट्यांवरची त्याची पकड सुटत जाते. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून दोन-चार कमी ठेवायची रीत पडली आहे. ही रीत घातक आहे, तू पाळू नकोस. बाहेरचं तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. धडधाकट टायर तेवढं सहज सोसतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून लोक काँक्रीटला दोष देतात. तासन्‌तास एकाच वेगात, विदर्भातल्या मे महिन्यात टायर तापणारच. पण त्याला थंड राहायची सोय आपण हवेतूनच करून द्यायची असते. परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशावर टायर तपासायला घेतले, ते फार चांगलं केलं. तरी गोटा झालेला टायर डोळ्यांना दिसतो. पाच पीएसआयची तूट गेज लावल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून स्वतःचं गेज घे. हवा पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना मोज. तासभर हायवेवर चालून थांबलास की पुन्हा बघ. चारेक वाढली तर ठीक. ऊन चढल्यामुळे वाढलेले दोन-तीन वजा करूनही सात-आठ वाढली असेल, तर टायर जास्त लवतो आहे, म्हणजे सकाळी हवा कमी होती. तापलेल्या टायरातून हवा सोडायची नाही, काही झालं तरी. दुसऱ्या दिवशी थंड असताना दोन वाढवायची.

खडूची परीक्षाही करून बघ. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढ, सरळ सपाट रस्त्यावर थोडी गाडी चालव. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. तुझी रिम सहा इंची असेल, तर २३५ टायरला चालणारी ती सर्वांत अरुंद रिम. तिच्यावर टायर मध्ये फुगीर होतो, त्यामुळे रेघ मध्ये थोडी आधी पुसेल. तेवढ्यावरून हवा पस्तीसच्या खाली आणू नकोस. वजनाचा हिशेब आधी, खडू नंतर.

ताईच्या स्विफ्टबद्दलही विचारलं होतंस. तिथे रिम मोठी झाली, टायर नाही. १८५/६५ आर १५ चा निर्देशांक ८८, म्हणजे ५६० किलो. १९५/५० आर १६ चा ८४, म्हणजे ५०० किलो. हवेची जागा घटली, तेव्हा तिला तक्त्याहून जास्त हवा लागेल. ‘एक्स्ट्रा लोड’ लिहिलेला ८८ चा टायर घेतला, तरी ते ५६० किलो बेचाळीसला मिळतात, छत्तीसला नाही. तिला म्हणावं, मूळ मापच बसव.

नव्या टायरचा व्यास तीन सेंटीमीटरने वाढला आहे. मीटरवर शंभर दिसेल तेव्हा गाडी एकशेचारच्या आसपास असेल, हे ध्यानात ठेव. आणि स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे. पंक्चर झालं तर ती लावून हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं, नागपूरपर्यंत नाही. तिच्यातली हवाही बघून ठेव. वाटेत मुक्कामाला घरी येशील, तेव्हा पहाटे निघण्यापूर्वी पाचही टायर मी माझ्या गेजने तपासून देईन.

दादाला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी
आत्या