मशाल कुणाच्या हातात?

शनिवारी 'नाऊ यू सी मी: नाऊ यू डोन्ट' (२०२५) पाहिला. पहिला भाग आला २०१३ साली, तेव्हा मी दहावीत होतो. आता टीममधली पोरं मलाच 'सर' म्हणतात!

जुने जादूगार आणि तीन नवी पोरं मिळून एक हिरा लंपास करतात. म्हटलं, जेसी आयझेनबर्गचा ॲटलस शेवटी ऐटीत मशाल सोपवणार. (सिनेमा बघायचा असेल तर पुढची दोन वाक्यं वाचू नका.) तर कळतं, जुन्यांना गोळा करणारा चार्लीच, नव्या तिघांतला. म्हणजे मशाल आधीच त्याच्या हातात होती.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा कोड न वाचताच बाजूला सारून मी स्वतः लिहीत बसलो. रात्री दोनला कळलं, त्याचाच बरोबर होता. अजून त्याला सांगितलेलं नाही. सोमवारी सांगायचंय. बघू, जमतं का!