बायपोलर: घराणे, तरुण वय आणि वीटभट्टीचा हंगाम

बायपोलर किंवा द्विध्रुवी विकारात मनःस्थितीच्या दोन टोकांच्या पाळ्या येतात. उन्मादाच्या पाळीत झोप दोन-तीन तासांवर येते, तरी थकवा जाणवत नाही. बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, आपल्याला काही विशेष शक्ती लाभली आहे अशी खात्री वाटते. नैराश्याच्या पाळीत तोच माणूस अंथरुणातून उठत नाही. मधल्या काळात तो शेती-मजुरी नीट करतो, त्यामुळे घरचे लोक आजार गेला असे समजून औषध थांबवतात.

सर्वसाधारण लोकांत हा विकार शंभरात सुमारे एकाला होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल, तर प्रमाण 5 ते 10 पर्यंत जाते. 1987 मध्ये अमेरिकेतील आमिश पंथाच्या एका मोठ्या घराण्यात अकराव्या गुणसूत्रावर त्याचे मूळ सापडल्याचा दावा झाला. 1989 मध्ये त्याच घराण्यातील आणखी माणसे तपासली गेली आणि दावा टिकला नाही. 2021 मध्ये 40,000 हून अधिक रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातील 64 जागा हाती आल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा आहे. वारशाने येतो तो कल. ‘त्यांच्या घरात वेड आहे’ म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांना संशोधनाचा आधार मिळत नाही.

कॅनडात अ‍ॅन डफी यांनी बायपोलर असलेल्या आईवडिलांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. काही मुलांत आधी झोपेच्या तक्रारी आणि धास्ती दिसली, किशोरवयात नैराश्य आले, उन्माद बहुधा त्यानंतर. म्हणजे अशा घराण्यातली, आपल्याकडच्या आश्रमशाळेतली सोळा वर्षांची मुलगी डॉक्टरांसमोर येते ती नैराश्य घेऊन. तिला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या, तर उन्माद उफाळू शकतो. घराण्याचा इतिहास इथे निर्णायक ठरतो.

पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ‘घरात कुणाला बायपोलर होता का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येणार. ‘कोणी रात्र-रात्र जागून बडबडायचं का? घर सोडून निघून जायचं का? भगताकडे न्यावं लागलं का?’ असे विचारले, की एखादा आजा किंवा आत्या आठवते. अंगात येणे हा मात्र आजार नव्हे. जत्रेत आलेले वारे थोड्या वेळाने उतरते आणि माणूस घरी जाऊन भाकरी खातो. उन्माद आठवडा उलटला तरी उतरत नाही.

दिवाळीनंतर या तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ऊन टाळण्यासाठी विटा पाडायचे काम रात्रीच सुरू होते. झोप तुटणे हे उन्मादाचे लक्षण, तसेच त्याचे कारणही असते. हे संशोधक टॉमस वेर यांनी 1987 मध्ये मांडले. घराण्यात कल असलेल्या तरुणाला भट्टीची रात्रपाळी म्हणूनच जड जाते. लग्नातल्या हळदीच्या रात्री डीजेपुढे जागलेली पहाटही तशीच.

1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरलेले लिथियम आजही या विकाराचे प्रमुख औषध आहे. आत्महत्येचा धोकाही ते घटवते. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी असल्याने रक्तातील पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासत राहावे लागते. भट्टीवर घाम जातो, पाणी कमी पडते, पाठ दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले जाते. या सगळ्याने लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे ही धोक्याची खूण. अशा वेळी गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठायचे. व्हॅल्प्रोएट हे दुसरे औषध गर्भाला घातक आहे, तेव्हा लवकर लग्न होणाऱ्या मुलींना ते देताना दहादा विचार हवा.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरचे सुमारे 70 टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. त्यातल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे, पण मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या पाड्यावरून ठाण्याला जायचे, तर मजुरीचा दिवस बुडतो. 2022 पासून टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फुकट बोलता येते.

औषधाच्या जोडीला कुटुंबाचीही मदत होते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराच्या 12 बैठका 4 महिन्यांत होतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घराण्याचा कल आणि सुरुवातीची लक्षणे असलेल्या 127 मुलांपैकी ज्यांना हा उपचार मिळाला, त्यांची पुढची पाळी लांबली. भट्टीवरच्या कुटुंबांना असे 4 महिने मिळतात ते पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच. त्यातही आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस वगळून बैठकांची सुरुवात श्रावणात धरावी, आणि दिवाळीनंतर कुटुंब निघण्याआधी रक्ततपासणी, पुढच्या गोळ्या आणि मुक्कामाजवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी हातात द्यावी.