गीबत कुणाची, फिर्याद कुणाची

आमच्या वळसंगात एका विद्यार्थ्याची आई सध्या माहेरी आहे. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत. त्यानं ते स्वतःच कबूल केलंय. पण तिनं तोंड उघडताच घरच्या मोठ्यांनी तिलाच कुरआन ऐकवायला सुरुवात केली. गुमान करू नकोस, गीबत करू नकोस, ऐबांवर परदा टाक. "बेटी, न्याय करणारी तू कोण?"

आयत खरी आहे, सूरह हुजुरातची 12वी. पण इथं गुमान कुठला? ती आयत ओट्यावर बसून दुसऱ्याच्या संसाराचे अंदाज बांधणाऱ्यांना आवरते. जिच्यावर बेतलंय ती बोलली तर ती फिर्याद. सूरह निसाच्या 148व्या आयतीत मजलूमाला उघड बोलायची सवलत आहेच. इमाम नववींनीही 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत कुठे चालते ते सांगताना हजरत हिंद (र.) यांचा दाखला दिलाय. नवऱ्याच्या कंजूषपणाची तक्रार घेऊन त्या प्रेषितांकडे (स.) आल्या. त्यांना गप्प केलं गेलं नाही; स्वतःला आणि मुलांना पुरेल एवढं रीतीनं घ्यायची परवानगी मिळाली. हजरत खौला (र.) यांच्या नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीवर तर सूरह मुजादला सुरू होते.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. शंका बाईवर असली की हीच माणसं हुजुरात विसरतात. तिचा मोबाईल तपासतात, भावाला बोलावून घेतात. चार साक्षीदारांशिवाय पाकदामन बाईवर तोहमत घेणाऱ्याला सूरह नूरमध्ये 80 फटके सांगितलेत, ते तेव्हा कुणाला आठवत नाही.

तिनं गावभर सांगत फिरावं असं मी म्हणत नाही. लेकरं शाळेत येतात, पोरं चिडवतात. पण वडीलधारे, काझी, वकील यांच्यापुढे तिला बोलू द्या. निसाच्या 35व्या आयतीत दोन्हीकडचा एकेक पंच नेमायला सांगितलंय. तिच्या बाजूचा पंच अजून कुणी नेमलेला नाही. समेट नाहीच झाला, तर 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचं बदफैली वागणं क्रूरतेत धरलंय, त्यावर बायकोला कोर्टात फस्ख मागता येतो. बाईला सरकारी विधी सेवेतून वकील मोफत मिळतो, मिळकत कितीही असो. हे तिला ठाऊक नव्हतं. सोमवारी भाऊ तिला सोलापूरला घेऊन जाणार आहे.