नम्रतेचे पहिले बक्षीस

गेल्या वर्षी डिसेंबरात वक्तृत्व स्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले. विषय होता 'नम्रता'. सात मिनिटांच्या भाषणात मी ज्ञानेश्वरांपासून गांधीजींपर्यंत सर्वांना स्टेजवर आणले, येशू ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग आवाज कापरा करून सांगितला आणि टाळ्यांच्या गजरात खाली उतरलो. वसतिगृहाच्या खोलीत ती ढाल मी अशा जागी ठेवली की दार उघडताच येणाऱ्याची नजर तिच्यावर पडावी. नम्रतेची ढाल, आणि तीही दर्शनी! त्यातला विनोद तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. तो ध्यानात यायला मला चारशे कोसांचा नव्हे, पण एस. टी.च्या एका रात्रीचा प्रवास करावा लागला.

मी आष्टी तालुक्यातला. आमच्या वस्तीवर ख्रिस्ती कुटुंबे थोडी. रविवारी एका खोलीत उपासना होते. पेटी आहे, तबला आहे. पेटी वाजवणारा असेल त्या रविवारी गाणी सुरात होतात, नसेल त्या रविवारी नुसत्या भक्तीवर भागते. लहानपणापासून माझे पाठांतर चांगले. शास्त्रपाठाच्या स्पर्धेत मी कधी दुसरा आलो नाही. पुढे पाळकसाहेब मला मोठ्याने प्रार्थना करायला सांगू लागले आणि मी लांब, घोटीव, संस्कृतप्रचुर प्रार्थना करू लागलो. "या पोराच्या तोंडात देवाने शब्द घातलेत," असे म्हातारी माणसे म्हणत. मला ते ऐकायला आवडे. खरे सांगायचे तर प्रार्थना संपण्याआधीच माझे कान त्या वाक्याकडे लागलेले असत.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. वसतिगृहात पहिल्या दिवशी कुणीतरी विचारले, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "शेती." माझ्या वडिलांच्या नावावर शेती नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते, पत्र्याची पेटी, भांडी, गोधड्या आणि कोयते घेऊन बिऱ्हाड हलते, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. बीड जिल्ह्याला यात सांगण्यासारखे नवे काही नाही. दरवर्षी लाखो माणसे अशी जातात. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, पण हिशोबात हत्यार एक! माझे शिक्षण याच एका कोयत्यावर चालले आहे. पण 'शेती' हा शब्द तोंडातून गेला तो गेला. मग तो टिकवण्यासाठी आणखी लहानलहान खोटी बोलावी लागली.

नम्रता या शब्दाशी आमच्या घराचे एक जुने भांडण आहे. माझे पूर्वज गावकुसाबाहेरचे. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात अशी पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. आमचे घराणे त्यांच्यापैकीच एकाच्या नात्यातले. आजोबा म्हणत, "आम्हाला नम्रता शिकवू नका रे. ती आमच्या मणक्यात आधीच घालून दिलीय. वाकून वाकून कुबड आलंय." ते देवळात गुडघे टेकत, पण गावात कुणापुढे मान घालत नसत. लहानपणी मला हे कोडे वाटे. देव नम्र व्हायला सांगतो आणि आजोबा ताठ राहायला सांगतात, खरे कुणाचे?

नाताळच्या सुट्टीत मी आईवडिलांना भेटायला सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका फडावर गेलो. ढाल पिशवीत घेतली होती. उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या कोप्यांची रांग, मधे चुली, बाजूला बैल. आईने ढाल हातात घेतली, पदराने पुसली आणि पिठाच्या डब्याला टेकून ठेवली. "कशाचं बक्षीस?" तिने विचारले. मी म्हणालो, "नम्रतेवर बोललो." ती म्हणाली, "बरं झालं," आणि भाकरी थापू लागली.

फडावर नाताळची सुट्टी नसते. साखर कारखान्याला ऊस हवा असतो आणि ट्रक आला की भरावा लागतो. एक दिवस चुकला की वहीत 'खाडा' लागतो. त्या दिवशीही तोडणी झाली. संध्याकाळी आमची तीन-चार घरे एका कोपीपुढे जमली. पेटी नव्हती, टाळ आणि एक पालथे घातलेले पातेले. 'उपासना संगीता'तली गाणी झाली. आईला अक्षरओळख नाही, पण टिळकांची पदे तिला पाठ आहेत. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. शिकलेला मुलगा, प्रार्थना त्यानेच करायची. मी उभा राहिलो. देहधारणेच्या गूढापासून आरंभ केला आणि अखिल मानवजातीपर्यंत पोहोचलो. डोळे उघडले तेव्हा निम्मी माणसे बसल्या जागी झोपली होती. आईसुद्धा. मला राग आला. यांना कळतच नाही, असे वाटले.

पहाटे मला जाग आली. बाहेर चूल पेटली होती. आई कुणाशी तरी हळू बोलत होती. वाटले, वडील उठले असतील. पण वडील माझ्या शेजारी घोरत होते. मी कान दिला.

"बापा, उठले बघ," आई म्हणत होती. "कंबर लई दुखती. आज गाडी लवकर येईल म्हनं, तेवढं बळ दे. काल शेजारणीला टाकून बोलले, ते रातभर खुपतंय. सकाळी तिच्याकडं जाते. आन् पोरगं आलंय. लई शिकलंय. लई मोठं मोठं बोलतंय. ते तुझ्यासंगं बोलतंय का माणसांसंगं, मला काय उमगत न्हाई. त्याला तुझ्याजवळ घे." मग थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. नुसती बसून होती. चुलीत चिपाड सरकवल्याचा आवाज आला. मग, जणू बोलणे संपून दोघे उठावे तसे, "बरं, जाते आता," म्हणून ती उठली.

मी गोधडी डोक्यावर ओढून घेतली. इतक्या वर्षांच्या माझ्या प्रार्थनांत "माझी कंबर दुखते" इतके खरे एकही वाक्य नव्हते. आणि "शेजारणीला टाकून बोलले" हे तर मुळीच नव्हते. माझ्या प्रार्थनांत 'आम्ही पापी जन' असत, मी नसे.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक प्रसंग घडला. मुकादम वही घेऊन आला. तो उचलीचा हिशोब वाचत असताना आई मोळीवरून उठली आणि म्हणाली, "तीन खाडे मांडलेत. दोनच झालेत. तिसऱ्या दिवशी ट्रकच आला नव्हता." मुकादमाने डोळे वटारले. वडील गप्प. मी जवळ उभा होतो, आणि सांगायला लाज वाटते, मी आईला खुणेने 'जाऊ दे' म्हणत होतो. आईचा आवाज चढला नाही आणि पडलाही नाही. तेच वाक्य तिने पुन्हा म्हटले. दोन बायांनी "व्हय, न्हवता आला," असा दुजोरा दिला. शेवटी त्याने एक खाडा खोडला. आईने चुंबळ डोक्यावर ठेवली, गुडघ्यात वाकून मोळी घेतली आणि फळीवरून ट्रकमध्ये चढून गेली.

आजोबांचे कोडे मला त्या फळीखाली उभे असताना सुटले. आई देवापुढे लहान लेकरासारखी होती, म्हणून माणसापुढे उभी राहू शकत होती. माझे नेमके उलटे चालले होते. वसतिगृहातल्या बड्या घरच्या मुलांपुढे मी वाकलो होतो, इतका की आईबाप लपवले. आणि देवापुढे मात्र स्टेजवर उभा राहावे तसा ताठ उभा होतो. मी ज्याला नम्रता समजत होतो ती माणसांची भीती होती, आणि ज्याला भक्ती समजत होतो ते भाषण होते.

सुट्टी संपवून परतल्यावर ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. ज्या टिळकांची पदे आई टाळावर म्हणते तो माणूस कोण, हे मला धड माहीत नव्हते. नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात चित्पावन ब्राह्मणाच्या घरी जन्मले. कवी, वक्ते, विद्वान. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरदार तुटले. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षे त्यांच्यापासून दूर, पंढरपूरसारख्या ठिकाणी काढली. मला वाटले होते, एखाद्या संताचे चरित्र वाचायला मिळेल. पण बाईंनी नवऱ्याला मुळीच सोवळ्यात ठेवलेले नाही. त्यांचा भडकणारा राग, त्यांचा लहरीपणा, घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय, सगळे हसतहसत सांगितले आहे. स्वतःलाही त्यांनी सोडलेले नाही. पतीकडे परत आल्यावरही आपले सोवळे त्यांनी किती घट्ट धरून ठेवले होते आणि ते कसे सुटले, हे त्या मोकळेपणाने सांगतात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे वाचताना मला धीर आला. नम्रता जन्मतः मिळते किंवा मिळत नाही, असे नसून ती सावकाश वाढते आणि वाढताना माणसाची चांगलीच फजिती होते. टिळक ख्रिस्ताला आपल्या संतांच्या भाषेत हाक मारू लागले. अभंग, कीर्तन त्यांनी टाकले नाही, तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईला ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, आणि ज्या बाईला शाळेचे शिक्षण नव्हते तिने त्याचे बहुतेक अध्याय लिहून काढले.

मला यात एक गोष्ट विशेष वाटली. टिळकांना उंबऱ्यावरून खाली उतरावे लागले. माझ्या पणजोबाला खालून वर यावे लागले. प्रभुभोजनाच्या मेजाशी दोघे एकाच पातळीवर आले. उतरणाऱ्याची नम्रता आणि चढणाऱ्याचा स्वाभिमान ही एकाच मेजाची दोन अंगे आहेत. जो धर्म फक्त चढणाऱ्याला 'नम्र हो' म्हणतो तो आजोबांना पटला नसता, आणि ते बरोबरच होते.

मग मी योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय पुन्हा काढला, तोच, जो मी स्टेजवर कापऱ्या आवाजात सांगितला होता. पाय धुण्याच्या अगोदर तिथे एक गोष्ट सांगितली आहे आणि माझ्या भाषणात मी ती गाळली होती. येशूला ठाऊक होते की आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जाणार आहोत; आणि म्हणून तो उठला आणि त्याने कमरेला रुमाल बांधला. आधी ते ठाऊक असणे, मग ते वाकणे. आपण कुणाचे आहोत हे ज्याला पक्के माहीत आहे तोच न घाबरता वाकू शकतो. ज्याला ते माहीत नाही तो एक तर लाचार होतो, नाही तर 'माझे वडील शेती करतात' म्हणतो.

त्या रात्री मी माझ्या खोलीसोबत्याला खरे सांगितले. तो माळकरी, नाथषष्ठीला दिंडीबरोबर पैठणला चालत जातो. मी म्हणालो, "माझे आईवडील ऊसतोडीला असतात. मी खोटं बोललो." तो हसला नाही की हळहळला नाही. म्हणाला, "मला पहिल्या दिवाळीलाच कळलं होतं. तुझ्या घरून उन्हाळ्यापर्यंत कुणी येत नाही. आमच्या गावातली निम्मी माणसं तिकडंच असतात." थोड्या वेळाने म्हणाला, "दिंडीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. पण वाकायच्या आधी तू वारकरी आहेस, एवढं ठरलेलं असतं." योहानाचा तेरावा अध्याय त्याने कधी वाचला नव्हता.

आता माझी प्रार्थना आखूड झाली आहे. सकाळी खाटेवर बसतो आणि आदल्या दिवशीची एक तरी खरी गोष्ट नाव घेऊन सांगतो. काही दिवस काहीच सुचत नाही. मग आईसारखा गप्प बसतो. एकशे एकतिसाव्या स्तोत्रात जीव दूध तुटलेल्या लेकरासारखा आईजवळ शांत झाल्याचे वर्णन आहे. दूध तुटलेले लेकरू म्हणजे काही मागायला आलेले लेकरू नव्हे, ते नुसते जवळ बसायला आलेले असते. फडावर कोपीच्या सावलीत झोळीत निजलेली लेकरे मी पाहिली आहेत. त्यांच्या मागण्या भागल्या म्हणून ती शांत नसतात, माय जवळच्या सरीत आहे हे त्यांना ठाऊक असते. देवाशी जवळीक म्हणजे बहुधा एवढेच. पण एवढ्याला आयुष्य लागेल असे दिसते, कारण आठवड्यातून दोनदा तरी माझ्या तोंडात जुने शब्द येतात आणि कान कौतुकाकडे वळतात. हा लेख लिहितानाही तो वळलाच.

ढाल फडावरच राहिली. परवा आईला फोनवर विचारले, "नीट आहे ना?" ती म्हणाली, "हाय की. पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून लई बरी बसती."

मला वाटते, नम्रतेच्या ढालीला यापेक्षा योग्य जागा मिळाली नसती.