आबांचा खेळ

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या खान्देशात आखाजीचे कौतुक फार. अक्षय्य तृतीयेला घागर भरायची, पुरणपोळी अन् आंब्याचा रस करायचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्या दिवशी खेळायला कोणी कोणाला मना करत नाही. एरवी पत्त्यांना हात न लावणारी माणसेही आखाजीला डाव मांडून बसतात.

आमच्या घरात मात्र एक खेळ आखाजीलाही वर्ज्य होता, तो म्हणजे व्हिडिओ गेम! "त्या खेळानं तुझ्या बापाची शाळा खाल्ली," असे मोठी माय, म्हणजे माझी आजी, नेहमी सांगे. आबा शाळा सोडून शिरपूरला एका खोलीत टीव्हीपुढे बसत, रुपया देऊन खेळत, ही कथा ऐकतच मी वाढले. कॉलेजात जाणारी मी घरातली पहिलीच. त्यामुळे या कथेचा धाक मला जरा जास्तच होता. मोबाइलवर साधा खेळसुद्धा मी कधी घेतला नाही.

गेल्या आखाजीला सुरतेहून मामेभाऊ आला. त्याच्या पिशवीतून दोन हातांत धरण्याजोगे एक यंत्र निघाले, निन्टेन्डोचे 'स्विच'. हे यंत्र २०१७ साली बाजारात आले. २०१८ पासून वर्गणी भरणाऱ्यांना त्यावर कंपनीचे जुने खेळही मिळू लागले. त्यांतच 'सुपर मारिओ ब्रदर्स' होता. जपानच्या शिगेरू मियामोतोंचा हा खेळ १९८५ सालचा. भाऊ सांगत होता, सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचावी म्हणून आकाशातला ढग अन् जमिनीवरचे झुडूप यांना चित्र एकच वापरले, फक्त रंग बदलला. मला मायची गोधडी आठवली. जुन्या लुगड्याचा एक तुकडा ती वाया जाऊ देत नाही.

खेळाचे संगीत सुरू झाले अन् ओट्यावर बसलेले आबा उठून आत आले.

"दे माले," ते म्हणाले.

जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवून राठ झालेली ती बोटे! पहिला मारिओ लगेच खड्ड्यात पडला. मग मात्र बोटांना ओळख पटली. दुसऱ्या टप्प्यात, जमिनीखालच्या भुयारात, आबांनी मारिओला थेट विटांच्या छतावर चढवले अन् वरूनच पळवत नेले. जिथे गुणांचे आकडे असतात तिथून तो धावत होता! शेवटी एक गुप्त जागा लागली. तिथल्या नळांतून मधले टप्पे गाळून एकदम पुढे जाता येते. भाऊ थक्कच झाला.

"फुवा, तुम्हाला हे कसं माहीत?"

आबा नुसते हसले. थोड्या वेळाने मारिओ पुन्हा मेला. भाऊ म्हणाला, "आता यात मागे नेता येतं, फुवा. पडायच्या आधीच्या जागेवर जा." १९८५ च्या खेळात ही सोय नव्हती. तीन जीव संपले की खेळ संपला.

"मरना ते मरना," आबा म्हणाले. "मांगे काय जावानं?"

मी धीर करून विचारले, "आबा, याच्यापायीच शाळा सुटली ना?"

आबा यंत्राकडे पाहतच बोलू लागले. त्यांनी आठवीची परीक्षा दिली अन् आखाजी आली. आखाजीला सालदारांचा जुना हिशेब मिटतो, नवे साल ठरते. आजोबांनी उचल घेतलेली होती. ती फेडण्यासाठी त्या आखाजीला आबांचे साल ठरले. निकाल लागला तेव्हा ते मालकाच्या शेतात होते. ते पास झाले होते.

व्हिडिओ गेम त्यानंतरचा. बाजाराच्या दिवशी शिरपूरला गेले की ते त्या खोलीत जात, कारण वर्गातली मुले तिथे येत. जपानी यंत्राची नक्कल असलेले एक यंत्र टीव्हीला जोडलेले असे. एकजण खेळे, बाकीचे मागे उभे राहत. मुले नववीच्या मास्तरांच्या नकला करत, धड्यांवर बोलत. आबा रुपया देत तो त्यांच्यात बसायला मिळावे म्हणून.

मोठी माय दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. मुलाला शाळेतून आपणच काढले, असे म्हणण्यापेक्षा खेळाने शाळा खाल्ली असे म्हणणे तिला सोपे गेले असेल. मी तिला दोष देत नाही. उचल फेडायला त्या घरात दुसरे होते तरी काय?

आबांनी यंत्र भावाला परत दिले अन् ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

कॉलेजच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचे शिक्षण' असा एक रकाना असतो. दोन वर्षे मी त्यात नुसती रेघ ओढत आले. आता तृतीय वर्षाचा अर्ज भरताना तिथे लिहीन: आठवी उत्तीर्ण.